पोलिश स्वर, पोर्तुगीज शब्द : दक्षिण ब्राझीलमधील पोलिश वंशजांची द्वैभाषिकता आणि स्वरोच्चारांचा इतिहास

भाषेच्या इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते, कोश आणि व्याकरणे यांची नावे प्रथम पुढे येतात. बोलणाऱ्याच्या मुखातील उच्चार हेही इतिहासाचे साधन असू शकते, ही गोष्ट मात्र सहसा दुर्लक्षित राहते. कागदावरची नोंद नष्ट करता येते, शाळा बंद करता येते, वृत्तपत्रावर बंदी घालता येते. पण एखाद्या समाजाने तीन पिढ्या सांभाळलेली स्वरांची ठेवण हुकूम काढून पुसता येत नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये जाऊन वसलेल्या पोलिश शेतकऱ्यांच्या वंशजांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. या वंशजांपैकी पुष्कळांना आज पोलिश भाषा येत नाही. तरीही त्यांच्या पोर्तुगीज बोलण्यात काही स्वर असे उमटतात की, त्यांचा उगम शोधताना एकोणिसाव्या शतकातील पोलंडच्या खेड्यांपर्यंत मागे जावे लागते. द्वैभाषिकतेने स्वरोच्चार कसे घडतात, हा प्रश्न वरवर ध्वनिविज्ञानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो स्थलांतराच्या, शिक्षणाच्या आणि राज्यसंस्थेच्या भाषाधोरणाच्या इतिहासाशी निगडित आहे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही अंगांचा एकत्रित विचार केला आहे.

१. स्थलांतराची पार्श्वभूमी

1772, 1793 आणि 1795 अशा तीन फाळण्यांत पोलंडचे राज्य रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतले. त्यानंतर 1918 पर्यंत पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हते. या काळात पोलिश भाषेची स्थिती तिन्ही भागांत निरनिराळी होती. रशियन भागात 1863 च्या उठावानंतर शाळांमधून रशियन भाषेची सक्ती वाढत गेली. प्रशियाच्या ताब्यातील भागात 1870 च्या दशकापासून जर्मन भाषेचा आग्रह कठोर झाला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात मात्र 1867 नंतरच्या स्वायत्ततेमुळे पोलिश शाळा टिकल्या. तेथील खरा प्रश्न दारिद्र्याचा आणि जमिनीच्या तुकड्यांचा होता.

ब्राझीलमधील पोलिश वसाहतीचा आरंभ 1869 मध्ये झाला. वरच्या सिलेशियातील ओपोलेजवळच्या श्योव्कोव्हित्से या गावची सोळा कुटुंबे सान्ता कातारिना प्रांतातील ब्रुस्के येथे उतरली. तेथील हवा आणि जमीन न मानवल्याने 1871 मध्ये ती पाराना प्रांतात कुरितिबा शहराजवळ पिलार्झिन्यो येथे येऊन स्थिरावली. या स्थलांतराच्या कामी पुढाकार घेणारे सेबास्तियान एडमुंड वोश सापोर्स्की यांना ब्राझीलमधील पोलिश वसाहतीचे जनक मानले जाते. पुढील दशकात कुरितिबाभोवती आब्रांशेस, सान्ता कांदिदा, ओर्लेआन्स, तोमास कोएल्यो अशा पोलिश वसाहतींचे कडेच तयार झाले.

1888 मध्ये ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली आणि 1889 मध्ये प्रजासत्ताकाची स्थापना झाली. शेतीसाठी हात हवे होते आणि ओसाड मुलूख वसवायचा होता. सरकारने युरोपीय स्थलांतरितांच्या जहाजभाड्याचा खर्च उचलण्यास सुरुवात करताच रशियन पोलंडातील खेडी ओस पडू लागली. 1890 आणि 1891 या दोन वर्षांतील या लोंढ्याला पोलिश इतिहासात 'ब्राझीलचा ताप' असेच नाव पडले. त्या दोन वर्षांत सुमारे साठ हजार माणसे निघून गेली. 1895 च्या सुमारास गॅलिशियातून दुसरी लाट आली. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्राझीलमध्ये आलेल्या पोलिश लोकांची एकूण संख्या सुमारे एक लाख मानली जाते. मारिया कोनोप्निका यांनी 1910 मध्ये पूर्ण केलेले 'पान बाल्त्सेर ब्राझीलमध्ये' हे महाकाव्य याच स्थलांतरितांच्या हालअपेष्टांवर आधारलेले आहे.

भाषेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली अशी की, हे लोक बहुतांशी शेतकरी होते आणि त्यांची भाषा ग्रंथांतील प्रमाण पोलिश नव्हती. ती माझोव्हिया, लुब्लिन, गॅलिशिया, सिलेशिया या भागांतील बोलींची होती. दुसरी अशी की, द्वैभाषिकता त्यांना अगदीच अपरिचित नव्हती. सत्ताधाऱ्याची भाषा कचेरीत आणि स्वतःची भाषा घरात, हा अनुभव ते गाठीशी बांधूनच निघाले होते.

२. दोन भाषांची स्वरव्यवस्था

प्रमाण पोलिशमध्ये मौखिक स्वर सहा : आ, ए, इ, ओ, उ आणि इ व उ यांच्या दरम्यान कोठेतरी जिव्हेच्या मधल्या भागातून उच्चारला जाणारा एक मध्यस्वर. त्यांतील ए आणि ओ हे काहीसे विवृत असतात. परंतु विवृत ए आणि संवृत ए असे दोन स्वनिम पोलिशमध्ये नाहीत. ओ च्या बाबतीतही तेच. पोलिशची दुसरी विशेषता अशी की, आघात शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर ठरलेला असतो आणि आघात नसलेल्या अक्षरातील स्वरही आपला मूळ गुण सोडत नाही. शब्दाच्या शेवटचा ए हा ए च राहतो आणि ओ हा ओ च राहतो.

ब्राझीलच्या पोर्तुगीजची रचना याहून वेगळी आहे. तेथे आघातयुक्त अक्षरात सात मौखिक स्वर येतात, कारण ए आणि ओ या दोहोंचे विवृत आणि संवृत असे अर्थभेदक प्रकार आहेत. 'आव्हॉ' म्हणजे आजी आणि 'आव्हो' म्हणजे आजोबा. फरक केवळ शेवटच्या स्वराच्या विवृततेचा. आघात सरकला की ही व्यवस्था आक्रसते. ब्राझीलचे भाषावैज्ञानिक जोआकिं मात्तोझो कामारा ज्युनियर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे आघातापूर्वीच्या अक्षरात सातांचे पाच स्वर होतात आणि शब्दान्ती अनाघात स्थानी तीनच उरतात. तेथे लिहिलेला ए हा इ सारखा आणि लिहिलेला ओ हा उ सारखा ऐकू येतो. या प्रक्रियेला स्वरोन्नयन म्हणता येईल, कारण तीत जिव्हा वर उचलली जाते. 'बोलो' (केक) हा शब्द ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'बोलु' असा उच्चारला जातो. 'लेइते' (दूध) या शब्दात तर आणखी एक पायरी आहे. शेवटचा ए इ झाला की त्या इ च्या सान्निध्याने त्यापूर्वीचा त तालव्य होतो आणि शब्द 'लेइचि' असा ऐकू येतो.

या दोन व्यवस्था एकाच मुखात एकत्र आल्या म्हणजे काय होईल, याचे अनुमान बऱ्याच अंशी आधीच करता येते. पोलिश भाषक अनाघात स्वर उन्नत करीत नाही, म्हणून त्याच्या पोर्तुगीजमध्ये 'बोलो' हा 'बोलो' च राहतो. शेवटचा ए टिकला की त तालव्य होण्याचे कारणच उरत नाही. म्हणून 'लेइते' हाही 'लेइते' च राहतो. म्हणजे एका स्वराच्या टिकण्याने व्यंजनाचे भवितव्यही ठरते. येथे आघाताचे साहचर्य ध्यानी घेण्यासारखे आहे. पोर्तुगीजमधील बहुसंख्य शब्दांत आघात उपान्त्य अक्षरावरच पडतो. त्यामुळे पोलिश माणसाला शब्दाचा ठेका ओळखीचा वाटला. ठेका सापडल्यावर अनाघात अक्षराचे पुढे काय होते, याकडे त्याचे कान वळले नाहीत. परकीय भाषेतील अगदी अनोळखी ध्वनीपेक्षा आपल्या ध्वनीशी मिळताजुळता ध्वनी आत्मसात करणे अधिक कठीण जाते, हे जेम्स फ्लेगे यांनी 1995 मध्ये मांडलेल्या उपपत्तीचे सूत्र आहे. पोलिश वंशजांच्या उदाहरणाला ते नेमके लागू पडते.

विवृत आणि संवृत यांच्या भेदाबाबतही हेच घडते. ज्याच्या मातृभाषेत एकच ओ आहे त्याला 'आव्हॉ' आणि 'आव्हो' यांतील भेद ऐकण्याची सवय नसते; तो दोहोंसाठी मधलाच एक ओ वापरतो आणि आजी की आजोबा हे संदर्भावरून समजून घ्यावे लागते. मराठी वाचकाला ही अडचण सहज उमगेल. इंग्रजीच्या संपर्काने मराठीत ॲ आणि ऑ हे स्वर रूढ होण्यापूर्वी 'कॉलेज' चे 'कालेज' आणि 'बॅट' चे 'ब्याट' होत असे. कोकणीत मात्र ए आणि ओ यांचे विवृत व संवृत प्रकार अर्थभेदक आहेत, त्यामुळे कोकणी भाषकाच्या कानाला हा पोर्तुगीज भेद तितकासा परका नाही.

तिसरा मुद्दा अनुनासिकांचा. पोलिशमध्ये लेखनात दोन अनुनासिक स्वर आहेत, एक ए चा आणि एक ओ चा. परंतु स्पर्शव्यंजनापूर्वी त्यांचा उच्चार स्वर अधिक त्या व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिक असा दुभंगतो. 'दात' या अर्थाच्या शब्दात ओष्ठ्य व्यंजनापूर्वी म् ऐकू येतो, तर 'हात' या अर्थाच्या शब्दात कंठ्य व्यंजनापूर्वी ङ्. मराठीतील तत्सम शब्दांत 'अंग', 'दंत', 'कुंभ' येथे अनुस्वाराचा जो परसवर्ण उच्चार होतो, त्याच्याच जातीची ही घटना आहे. पोर्तुगीजमध्ये मात्र 'पाँव' (पाव, भाकरी) अशा शब्दांत अनुनासिक आ पासून अनुनासिक उ कडे सरकणारा संयुक्त स्वर येतो. पोलिशमध्ये अनुनासिक आ नाही. परिणामी वसाहतीतील लोकांनी या संयुक्त स्वराच्या जागी 'ओन' हे उच्चारण योजले आणि 'पाँव' चे 'पोन' झाले. हीच प्रवृत्ती उलट दिशेनेही दिसते. ब्राझीलमधील पोलिशने पोर्तुगीजमधून जे शब्द उसने घेतले त्यांत 'फेइझाँव' (घेवडा) याचे 'फिझोन' आणि 'फाकाँव' (कोयता) याचे 'फाकोन' झाले. एकच ध्वनिनियम दोन्ही भाषांच्या सीमेवर दोन्ही बाजूंनी काम करीत होता, याचा हा पुरावा होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वसाहतकारांच्या स्वरांची तुलना केवळ प्रमाण पोलिशशी करणे अपुरे आहे. जुन्या पोलिशमधील दीर्घ स्वरांचे दीर्घत्व सुमारे पाचशे वर्षांपूर्वी लोपले आणि त्यांच्या जागी किंचित वर उचललेले स्वर आले. प्रमाणभाषेत पुढे हे भेदही बहुतांशी मिटले. बोलींत मात्र ते राहिले. म्हणून 'ख्लेब' (भाकरी) हा शब्द कित्येक बोलींत 'ख्लिब' आणि 'प्ताक' (पक्षी) हा 'प्तोक' असा ऐकू येतो. वॉर्साच्या सुशिक्षिताचे स्वर आणि लुब्लिनकडच्या शेतकऱ्याचे स्वर एक नव्हते, आणि ब्राझीलला गेला तो मुख्यतः शेतकरी.

३. वसाहत आणि शाळा

पहिल्या पिढीची द्वैभाषिकता तुटपुंजी होती. वसाहती एकमेकींना लागून, पण पोर्तुगीज भाषक वस्तीपासून दूर. घर, शेत, चर्च या तिन्ही ठिकाणी पोलिश चाले. पोर्तुगीजशी गाठ पडे ती 'व्हेंदा' वर, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, किंवा सरकारी कचेरीत. आणि तीही प्रायः पुरुषांची. शेजारी वसाहतीत इटालियन, जर्मन किंवा युक्रेनियन लोक असत. त्यांच्याशी बोलतानाही पोर्तुगीजच वापरावी लागे. म्हणजे ज्यांच्याकडून पोर्तुगीज कानावर पडे त्यांतले अनेक जण स्वतःच ती परभाषा म्हणून शिकलेले होते. इटलीच्या उत्तर भागातून आलेल्यांच्या बोलींतही शब्दान्तीचे ए आणि ओ पुष्कळदा स्पष्ट उच्चारले जातात. अशा वातावरणात पोलिश माणसाचा 'बोलो' कोणाला खटकण्याचे कारण नव्हते.

1876 मध्ये ओर्लेआन्स वसाहतीत पहिली पोलिश शाळा सुरू झाली. तेथील शिक्षक हिएरोनिम दुर्स्की यांना ब्राझीलमधील पोलिश शाळांचे जनक म्हटले जाते. त्यांनी रचलेली पोलिश आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांतील बालबोध अक्षरपुस्तिका 1893 मध्ये प्रसिद्ध झाली. 1892 मध्ये कुरितिबात 'गाझेता पोल्स्का व ब्राझिलिइ' हे पोलिश वृत्तपत्र निघाले आणि ते 1941 पर्यंत चालले. 1920 च्या दशकात 'कुल्तुरा' आणि 'ओश्व्हियाता' या दोन संघटनांच्या छत्राखाली, एक धर्मनिरपेक्ष आणि दुसरी कॅथलिक, शाळांचे जाळे विस्तारले. 1937 च्या सुमारास अशा शाळांची संख्या तीनशेहून अधिक होती.

या शाळांचा स्वरोच्चारांच्या इतिहासात एक खास वाटा असावा. वसाहतीतले मूल पोर्तुगीज शिकले ते बऱ्याच अंशी पुस्तकावरून. पोलिश लेखनात अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराच नियमित असतो. ए लिहिला की ए वाचायचा. या सवयीने पोर्तुगीज पाठ वाचणाऱ्या मुलाला 'लेइते' या शब्दाच्या शेवटी ए च दिसे आणि तो ए च उच्चारला जाई. मातृभाषेची सवय, शिक्षकाचा उच्चार आणि छापील अक्षर या तिन्हींचा कौल एकच होता. त्यामुळे पहिल्या पिढीत जी व्यक्तीची अडचण होती, ती दुसऱ्या पिढीत समाजाची रीत बनली. भाषासंपर्काच्या अभ्यासात हा टप्पा निर्णायक असतो. युरिएल वाइनराइख यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात व्यक्तीच्या बोलण्यात होणारी सरमिसळ आणि भाषेत रुजलेली सरमिसळ यांत जो भेद केला, तो येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

४. 1938 : बंदी आणि तिचा अनपेक्षित परिणाम

10 नोव्हेंबर 1937 रोजी जेतुलिओ व्हार्गास यांनी 'एस्तादो नोव्हो' म्हणजे नवे राज्य या नावाने हुकूमशाही राजवट आणली. मे 1938 मधील 406 क्रमांकाच्या हुकुमाने ग्रामीण शाळांतील सर्व शिक्षण पोर्तुगीजमधूनच द्यावे, प्राथमिक पुस्तके पोर्तुगीजमध्येच असावीत आणि चौदा वर्षांखालील मुलांना परकी भाषा शिकवू नये असे ठरविले. पोलिश शाळा बंद झाल्या किंवा सरकारी शाळांत विलीन झाल्या. संस्था विसर्जित झाल्या, वृत्तपत्रे थांबली. ऑगस्ट 1942 मध्ये ब्राझील दोस्त राष्ट्रांच्या बाजूने महायुद्धात उतरला. पोलंड हा दोस्तांच्याच बाजूचा देश होता; तथापि परभाषांवरील निर्बंधांतून पोलिश सुटली नाही.

या घटनेतील विसंगती दुःखद आहे. 1901 मध्ये प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या गावी जर्मनमधून प्रार्थना म्हणण्यास नकार दिल्याबद्दल शाळकरी मुलांना छड्या मारण्यात आल्या होत्या आणि ती घटना साऱ्या पोलिश समाजाच्या स्मरणात कोरली गेली होती. ज्यांच्या आईबापांनी अशा राजवटींतून बाहेर पडून समुद्र ओलांडला, त्यांच्याच नातवंडांना नव्या देशात पुन्हा एकदा स्वतःची भाषा वर्गाबाहेर ठेवावी लागली. पोलिश आता घराच्या चार भिंतींत आणि प्रार्थनेत उरली. मुलांना शाळेत त्रास नको म्हणून अनेक घरांनी त्यांच्याशी पोर्तुगीजच बोलण्याचे ठरविले.

पण नेमक्या याच निर्णयातून इतिहासाने वेगळे वळण घेतले. मुलांना जी पोर्तुगीज घरात मिळाली ती रिओ दे जानेइरोची पोर्तुगीज नव्हती. ती पोलिश स्वरांवर बसविलेली आईबापांची पोर्तुगीज होती. बंदीने पोलिश शब्द हिरावले, पोलिश व्याकरण हिरावले, पण पोलिश स्वर पोर्तुगीज शब्दांच्या आश्रयाने पुढच्या पिढीत उतरले. ज्याला पोलिशचे एक वाक्यही धड बोलता येत नाही अशा नातवाच्या तोंडी 'बोलो' आणि 'लेइते' राहिले. भाषाविज्ञानात याला अधःस्तर म्हणतात : वरची भाषा बदलली, तरी खालच्या भाषेचा थर तिच्यातून जाणवत राहतो. संस्कृतच्या ध्वनिव्यवस्थेतील मूर्धन्य वर्णांबाबत भारतीय भाषाभ्यासात जो वाद दीर्घकाळ चालला आहे, तो याच प्रकारच्या घटनेविषयीचा आहे. फरक इतकाच की भारतातील प्रक्रियेचा काळ सहस्रकांचा आणि तिचे साक्षीदार नाहीसे झालेले. ब्राझीलमधील प्रक्रिया मात्र दीडशे वर्षांत नोंदींच्या उजेडात घडलेली आहे.

५. आधुनिक संशोधन काय सांगते

दक्षिण ब्राझीलमधील स्वरांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. लेदा बिझोल यांनी 1981 च्या आपल्या प्रबंधात रियो ग्रांदे दो सुल राज्यातील आघातपूर्व स्वरांचे परिवर्तन तपासले. 'मेनिनो' (मुलगा) या शब्दातील पहिला ए पुढच्या इ च्या प्रभावाने 'मिनिनो' असा उन्नत होतो. हे उन्नयन किती प्रमाणात होते, हे बोलणारा महानगरातील आहे, इटालियन वा जर्मन वसाहतीतील आहे की सीमाभागातील आहे यावर अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. पुढे 'व्हार्सुल' या प्रकल्पाने दक्षिणेतील तीन राज्यांमधून बारा शहरे निवडून प्रत्येकी चोवीस अशा 288 व्यक्तींच्या मुलाखती संकलित केल्या. पाराना राज्यातील इराती हे शहर स्लाव वसाहतींचे प्रातिनिधिक म्हणून त्यात समाविष्ट झाले. एकविसाव्या शतकात रियो ग्रांदे दो सुलमधील व्हिस्ता आलेग्रे दो प्रातासारख्या लहान गावांतील पोलिश वंशजांच्या स्वरांवरही स्वतंत्र प्रबंध लिहिले गेले.

या अभ्यासांचे एकत्रित चित्र साधारणपणे असे आहे. शब्दान्तीच्या स्वरांचे उन्नयन वसाहतींच्या भागात देशाच्या इतर भागांपेक्षा पुष्कळच कमी आहे. दोन स्वरांमध्ये ओ अधिक सहजपणे उ कडे झुकतो, ए मात्र अधिक चिवटपणे टिकतो. शहराशी संपर्क, शिक्षण आणि प्रवास वाढला की उन्नयन वाढण्याकडे कल असतो. म्हणजे हा ठेवा अक्षय्य नाही. तो झिजतो आहे, पण सर्व बाजूंनी सारखा झिजत नाही.

मात्र सारे श्रेय पोलिशलाच देणे शास्त्राला धरून होणार नाही. इटालियन वसाहतींतही हीच प्रवृत्ती आढळते. स्पॅनिश भाषक देशांची सीमा जवळ आहे आणि स्पॅनिशमध्येही शब्दान्ती ए व ओ स्पष्ट राहतात. पारानाच्या जुन्या व्यापारी मार्गांवरील पोर्तुगीजमध्ये वसाहतपूर्व काळापासूनच हे स्वर टिकून असण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. पोलिशने हा उच्चार निर्माण केला, असे म्हणण्यापेक्षा अनेक कारणांनी अनुकूल झालेल्या भूमीत पोलिशने तो दृढ केला, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. 'पोन' सारखी रूपेही इटालियन वसाहतींत आढळतात. एकाच परिणामाची अनेक कारणे असू शकतात, हे भान भाषासंपर्काच्या इतिहासकाराने सोडता कामा नये.

६. उच्चार आणि प्रतिष्ठा

स्वरोच्चाराचा प्रश्न केवळ जिव्हेचा नसतो, तो मानाचाही असतो. ब्राझीलमध्ये 'पोलाको' हा शब्द दीर्घकाळ हिणविण्यासाठी वापरला गेला. स्वतःचे राष्ट्र नसलेल्या या लोकांना 'बिनझेंड्याचे पोलाको' म्हटले जाई. म्हणून समाजातील सुशिक्षितांनी फ्रेंच वळणाचा 'पोलोनेस' हा शब्द पुढे आणला. ज्या समाजाला आपले नावसुद्धा बदलून घ्यावेसे वाटले, त्याला आपल्या उच्चाराची लाज वाटली असल्यास नवल नाही. शाळेत वसाहतीच्या मुलांचे बोलणे 'अशुद्ध' ठरले की त्यांचा सोपा उपाय म्हणजे न बोलणे. द्वैभाषिकतेच्या इतिहासात अशा मौनाची नोंद कोठेच होत नाही. तरी तिची किंमत फार मोठी असते.

काळाने याही बाबतीत पालट घडविला. जुलै 1980 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल, जन्माने पोलिश, कुरितिबाला आले. त्याच वर्षी शहरात त्यांच्या नावाचे वनोद्यान उभे राहिले आणि त्यात पहिल्या वसाहतकारांची ओंडक्यांची घरे आणून मांडण्यात आली. 2009 मध्ये पाराना संघीय विद्यापीठात पोलिश भाषा-साहित्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. 2020 नंतरच्या वर्षांत रियो ग्रांदे दो सुलमधील आउरेयासारख्या नगरपालिकांनी पोलिशला सहअधिकृत भाषेचा दर्जा दिला. दरम्यान 'लेइते केंते', म्हणजे गरम दूध, या दोन शब्दांचा ए जपणारा उच्चार ही साऱ्या कुरितिबा शहराची ओळख बनली. इतर शहरांतले लोक त्यावरून थट्टा करतात आणि कुरितिबाकर ती कौतुकाने मिरवतात. त्यांत पोलिश रक्ताचा संबंध नसलेलेही पुष्कळ आहेत. विल्यम लबॉव्ह यांनी 1963 मध्ये अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील स्वरांचा अभ्यास करताना दाखविले होते की, स्थानिक उच्चार टिकतो तो जे लोक त्या जागेशी आपले नाते अभिमानाने सांगतात त्यांच्यात. कुरितिबाचा ए हा त्याच नियमाचा दुसरा दाखला मानता येईल.

७. भारतीय अभ्यासकांसाठी काही सूचन

मराठी भाषेच्या दृष्टीने या इतिहासाला दोन संदर्भ आहेत. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. तेथे पोलिश शाळा होत्या; परंतु मुक्काम पाच वर्षांचा असल्याने आणि पुढे सारे परतल्याने वा अन्यत्र गेल्याने तेथे भाषासंपर्काची मुळे रुजली नाहीत. स्वर बदलण्यासाठी केवळ सहवास पुरत नाही. त्यासाठी पिढ्या लागतात आणि मुले लागतात, हे या तुलनेने स्पष्ट होते.

दुसरा संदर्भ अधिक व्यापक आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचा अभ्यास करून दाखविले की, शतकानुशतकांच्या द्वैभाषिकतेने या भाषांची वाक्यरचना एकमेकींजवळ आली, शब्द मात्र वेगळे राहिले. तेथे कोणतीही भाषा मेली नाही. ब्राझीलमध्ये बहुसंख्य घरांतून एक भाषा गेली आणि जाताना आपले स्वर दुसरीला देऊन गेली. तंजावर, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी भाषकांच्या मराठीत तमिळ, हिंदी, गुजराती, तेलुगूचे काय उतरले, हे पुष्कळदा पाहिले गेले आहे. त्यांच्या तमिळमध्ये वा तेलुगूत मराठीचे काय उरले, हा उलटा प्रश्नही तितक्याच तपशिलाने विचारण्याजोगा आहे. मराठी बोलणे थांबलेल्या घरांतही मराठी स्वर शिल्लक असू शकतात.

समारोप

दक्षिण ब्राझीलमधील पोलिश वंशजांच्या स्वरोच्चारांतून तीन निष्कर्ष निघतात. एक, द्वैभाषिकतेचे स्वरूप स्थिर नसते. तुटपुंज्या संपर्कापासून शाळेतील द्वैभाषिकतेपर्यंत आणि तेथून बंदीनंतरच्या घरगुती द्वैभाषिकतेपर्यंत ते बदलत गेले आणि प्रत्येक टप्प्याने स्वरांवर वेगळी छाप सोडली. दोन, भाषेवर बंदी घालणारी सत्ता भाषेचा दृश्य भागच संपवू शकते. आईच्या तोंडून मुलाच्या कानात उतरणारा स्वर तिच्या आवाक्यात येत नाही. तीन, ज्याला शाळा 'चूक' म्हणते त्यात पुष्कळदा इतिहास साठविलेला असतो.

पोलिश भाषावैज्ञानिक यान बोदुएँ द कुर्तने यांनी 1901 मध्येच असे प्रतिपादन केले होते की, सर्व भाषा मिश्र असतात आणि निर्भेळ भाषा हा केवळ कल्पनेचा विषय आहे. त्यांच्या देशबांधवांनी दूरच्या खंडात जाऊन, नकळत, या विधानाची साक्ष दिली. 'बोलो' म्हणणाऱ्या नातवाला सुधारण्यापूर्वी त्याचा ओ कोठून आला हे शिक्षकाने जाणून घेतले, तर त्या मुलाला बोलण्याचा धीर येईल आणि भाषेच्या इतिहासालाही एक साक्षीदार लाभेल.